दात वाकडे म्हणजे नेमकं काय वाकडं?

"दात वाकडे आहेत" या वाक्यावरून डॉक्टरला फारसं काही कळत नाही. नुसते दात फिरलेले असतील, खालचा जबडा मागे राहिला असेल, वरची कमान अरुंद असेल, एखादा सुळा हाडातच अडकला असेल, किंवा दुधाची दाढ वेळेआधी गेल्यामुळे शेजारच्या दाढेने पुढे सरकून जागा बळकावली असेल. आरशात यातलं बरंचसं सारखंच दिसतं. उपचार मात्र प्रत्येकाचा निराळा, आणि तो करण्याचं योग्य वयही निराळं. म्हणूनच दोन मुलांचे दात सारखेच पुढे आलेले दिसतात, पण एकाला डॉक्टर लगेच उपचार सुरू करायला सांगतात आणि दुसऱ्याला दोन-तीन वर्षं थांबायला. एकाचे चार दात काढावे लागतात, दुसऱ्याचा एकही नाही. पालकांचा इथे गोंधळ उडतो आणि तो स्वाभाविक आहे. चावा कसा तपासतात हे एकदा समजलं की हे निर्णय कोड्यात टाकत नाहीत.

चावा कसा बसायला हवा

मागच्या दाढा एकमेकींवर टेकवून तोंड मिटलं की वरचे आणि खालचे दात ज्या रीतीने जुळतात, त्याला चावा म्हणायचं. वरच्या दातांची कमान खालच्या कमानीपेक्षा किंचित मोठी असते आणि डब्यावर झाकण बसावं तशी ती चहूबाजूंनी थोडी बाहेरून बसते. समोर वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या साधारण २ ते ३ मिलिमीटर पुढे असतात. या अंतराला ओव्हरजेट म्हणतात. तेच दात वरून खाली येताना खालच्या दातांचा जवळपास एक तृतीयांश भाग झाकतात, हा ओव्हरबाइट. मागच्या बाजूला वरच्या दाढांच्या गालाकडच्या कडा खालच्या दाढांच्या बाहेर राहतात.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वरचा आणि खालचा दात एकास एक असे भेटत नाहीत. वरचा सुळा हा खालचा सुळा आणि त्याच्या मागची उपदाढ (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधली छोटी दाढ) या दोघांच्या मधल्या फटीसमोर येतो. बहुतेक दातांचं असंच अर्ध्या दाताचं अंतर असतं, आणि चावताना दातांवर येणारा भार त्यामुळे वाटला जातो.

ही जुळणी मोजायची कुठून? अमेरिकेतले दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये त्यासाठी एक खूण पक्की केली: कायमच्या दातांमधली पहिली मोठी दाढ. वरच्या या दाढेचं गालाकडचं पुढचं टोक खालच्या दाढेच्या बाहेरच्या खाचेत बसलं पाहिजे. सव्वाशे वर्षं होऊन गेली, तरी जगभरातले ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात आणि चावा जुळवणारे तज्ज्ञ, तपासणीत पहिल्यांदा हेच बघतात.

या दाढेबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. ती वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं अनेक घरांत कळतही नाही, आणि कळलं तरी ती दुधाचीच समजली जाते. मग तिच्यात कीड दिसली की "पडणारच आहे" असं म्हणून दुर्लक्ष होतं. ती पडणार नसते, ती आयुष्यभराची असते. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात मागे डोकावून ही दाढ ओळखून ठेवणं, हे पालकांनी करण्यासारखं सर्वांत साधं आणि मोलाचं काम आहे.

अँगल यांचे तीन वर्ग

पहिल्या वर्गात दाढा जागच्या जागी असतात. गडबड पुढे असते. दातांची गर्दी, फटी, एखादा फिरलेला दात. सर्वाधिक लोक याच वर्गात मोडतात.

दुसऱ्या वर्गात खालची दाढ असायला हवी त्यापेक्षा मागे असते. यात दोन प्रकार आहेत. एकात वरचे पटाशीचे दात पुढे झुकलेले असतात, ओठ सहज मिटत नाहीत, आणि खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे जाऊन बसतो व त्यांना आणखी पुढे ढकलतो. धडपडणाऱ्या, खेळणाऱ्या मुलांमध्ये असे दात आपटून तुटण्याचा धोका इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त असतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही. दुसऱ्या प्रकारात वरचे मधले दोन दात उलट आत झुकलेले असतात, बाजूचे दोन त्यांच्यावर चढून बाहेर येतात आणि खालचे दात जवळजवळ झाकले जातात. समोरून पाहताना काहीच पुढे आलेलं दिसत नसल्याने हा प्रकार बरेचदा सुटून जातो.

तिसऱ्या वर्गात खालची दाढ पुढे असते. समोरचे खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात, किंवा दोन्ही कडेला कडा टेकतात. हनुवटी ठळक दिसते.

ही विभागणी सोपी आहे, म्हणून ती टिकली. पण तिच्यात दोन मोठ्या उणिवा आहेत. ती फक्त पुढे-मागे बघते, आणि ती फक्त दात बघते, हाड बघत नाही.

दात की जबडा?

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. वरचे दात पुढे दिसतात तेव्हा तीन शक्यता असतात: वरचा जबडा पुढे आहे, खालचा जबडा मागे राहिला आहे, किंवा दोन्ही जबडे नीट आहेत आणि फक्त दात तिरके झाले आहेत. नुसतं तोंडात बघून हे खात्रीने ठरत नाही. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, डोकं ठरावीक स्थितीत स्थिर ठेवून बाजूने एक्स-रे काढण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून जबड्यांची कवटीशी आणि दातांची जबड्यांशी असलेली जागा कोनांमध्ये आणि मिलिमीटरमध्ये मोजता येऊ लागली.

दोष हाडात असला की शरीर तो दातांच्या मदतीने झाकायचा प्रयत्न करतं. खालचा जबडा फार पुढे असेल तर खालचे दात हळूहळू आत झुकतात आणि वरचे बाहेर, म्हणजे कसाबसा का होईना चावा जुळतो. अशा माणसाच्या जबड्याची शस्त्रक्रिया ठरली, तर आधी ब्रेसेस लावून हे झुकलेले दात आपापल्या हाडावर सरळ उभे करावे लागतात. त्या महिन्यांमध्ये चावा आधीपेक्षा वाईट दिसतो. याची कल्पना आधी दिली नाही तर रुग्ण घाबरतो. उपचार बिघडलेला नसतो, जबड्यातला खरा फरक उघडा पडलेला असतो.

तिसऱ्या वर्गात आणखी एक फसवा प्रकार आहे. कधीकधी समोरच्या एका-दोन दातांच्या कडा एकमेकींवर आपटतात, आणि ती अडचण टाळण्यासाठी मूल खालचा जबडा पुढे सरकवून तोंड मिटतं. दिसायला जबडा मोठा वाटतो, पण तो मोठा नसतो, सरकलेला असतो. हे वेळेत ओळखलं तर छोट्याशा उपचाराने सुटतं.

वर-खाली आणि आडवं

उभ्या दिशेत दोन टोकं आहेत. वरचे दात खालच्यांना गरजेपेक्षा जास्त झाकत असतील तर तो डीप बाइट. टोकाच्या डीप बाइटमध्ये खालचे दात टाळूच्या हिरडीला रुततात आणि तिथे जखम होते. याउलट मागच्या दाढा टेकल्या तरी समोरच्या दातांमध्ये उभी फट राहत असेल तर तो ओपन बाइट. अशा माणसाला पुढच्या दातांनी घास तोडता येत नाही. तो बाजूच्या दातांनी तोडतो, किंवा सगळं लहान तुकडे करूनच खातो. लहान मुलांमधल्या ओपन बाइटमागे पुष्कळदा अंगठा चोखण्याची सवय असते, आणि ती सवय वेळेवर सुटली तर फट बरेचदा आपोआप भरून येते. मोठेपणीचा, चेहऱ्याच्या लांबट वाढीशी जोडलेला ओपन बाइट मात्र ऑर्थोडॉन्टिक्समधल्या सर्वांत चिवट दोषांपैकी एक आहे. उपचारानंतर तो परत उघडण्याची भीती असते.

आडव्या दिशेतला दोष म्हणजे क्रॉसबाइट: वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेर असण्याऐवजी आत बसतात. वरची कमान अरुंद असल्याचं हे लक्षण. मुलांमध्ये तो पुष्कळदा एकाच बाजूला दिसतो, पण मूळ अरुंदपणा दोन्ही बाजूंना असतो. दोन्हीकडच्या दाढा कडेला कडा लागतात, चावताना बरं वाटावं म्हणून मूल जबडा एका बाजूला सरकवतं आणि हनुवटी त्या बाजूला जाते. वाढीच्या वयात वर्षानुवर्षं असं चालू राहिलं तर चेहरा असमान वाढू शकतो. म्हणून "सगळे कायमचे दात आल्यावर बघू" हा सल्ला इथे चालत नाही.

जागेचा हिशेब

दातांच्या रुंदीची बेरीज आणि कमानीत उपलब्ध जागा यांचा मेळ बसला नाही की गर्दी किंवा फटी होतात. मोठे दात आणि लहान जबडा यांचा वारसा हे एक कारण. दुसरं कारण टाळता येण्यासारखं आहे. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात, म्हणजे निसर्गाने थोडी जागा राखून ठेवलेली असते. कीड लागून दुधाची दाढ लवकर काढावी लागली की मागची सहा वर्षांची दाढ पुढे सरकते, आणि खालून येणाऱ्या उपदाढेला उगवायला वाट उरत नाही. यासाठी जागा धरून ठेवणारं एक साधं तारेचं साधन, स्पेस मेंटेनर, बसवता येतं. दुधाचे दात पडणारच असतात, हे खरं. पण ते कधी पडतात यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

फटींबाबत मात्र पालकांना धीर द्यावासा वाटतो. साधारण आठ ते अकरा वर्षांच्या काळात वरच्या मधल्या दोन दातांमध्ये फट पडते आणि पटाशीचे चारही दात पंख्यासारखे पसरतात. हाडात वर बसलेले सुळे खाली येताना शेजारच्या मुळांना ढकलतात, त्याचा हा परिणाम. सुळे उगवले की ही फट बहुतेक मुलांमध्ये आपणच मिटते. या वयात फट बंद करायची घाई केली तर सुळ्याच्या वाटेत शेजारचं मूळ जाऊन बसण्याचा धोका असतो.

त्या वरच्या सुळ्यांकडे लक्ष ठेवायला हवं. त्यांचा प्रवास सर्वांत लांबचा असतो आणि ते साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी उगवतात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या हिरडीवर बोट फिरवलं तर त्यांचा उंचवटा हाताला लागतो. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं असेल तर एक्स-रे काढून पाहावा. वाट चुकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ झिजवू शकतो. वेळेत कळलं तर काही वेळा दुधाचा सुळा काढल्यानेच तो योग्य वाटेवर येतो. उशीर झाला तर हिरडी उघडून, साखळी लावून त्याला खाली ओढावं लागतं. काही जणांत एखादा दात जन्मतःच नसतो. अक्कलदाढ सोडली तर खालची दुसरी उपदाढ आणि वरचा बाजूचा पटाशीचा दात यांच्याबाबत असं जास्त आढळतं.

दात सरकतो कसा

दात हाडात घट्ट रोवलेला दिसतो, पण तो हाडाला चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरचा अगदी छोटा अंश जाडीचा तंतूंचा थर असतो. दातावर सतत हलका जोर लावला की एका बाजूला हा थर दाबला जातो, तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. दुसऱ्या बाजूला तो ताणला जातो, तिथे नवं हाड तयार होतं. दात हाडातून फाडत जात नाही, हाडच त्याला वाट करून देतं. वेग साधारण महिन्याला १ मिलिमीटर, आणि म्हणूनच पूर्ण उपचाराला दीड-दोन वर्षं सहज लागतात.

जोर वाढवला तर काम लवकर होईल, असं वाटणं साहजिक आहे. घडतं उलटं. जास्त दाबाने त्या थरातल्या रक्तवाहिन्या बंद होतात, तिथल्या पेशी मरतात, आणि हाड काढायला शरीराला मागच्या बाजूने फिरून यावं लागतं. तेवढे दिवस दात जागचा हलत नाही, दुखतो मात्र खूप. हलका पण न थांबणारा जोर हेच या शास्त्राचं गमक आहे. नैसर्गिकरीत्यासुद्धा दातांची जागा अशाच हलक्या, दीर्घकाळच्या दाबांवर ठरते: ओठ, गाल आणि विसावलेली जीभ. चावण्याचा जोर कितीतरी मोठा असतो, पण तो क्षणभराचा, त्यामुळे दात त्याने सरकत नाहीत.

निकेल-टायटेनियमच्या तारा याच कारणाने इतक्या उपयोगी ठरल्या. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झालेला हा मिश्रधातू १९७० च्या दशकात जॉर्ज अँड्रियासेन यांनी ऑर्थोडॉन्टिक्समध्ये आणला. कितीही वाकवली तरी ही तार मूळ आकाराकडे परतत राहते, आणि परतताना जवळपास सारखाच हलका जोर देते. उपचाराची सुरुवात अशा बारीक गोल तारेने होते. नंतर ब्रॅकेटच्या, म्हणजे दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या, चौकोनी खाचेत चौकोनी स्टीलची तार येते, कारण दाताचा शेंडाच नाही तर मूळही योग्य कोनात न्यायचं असतं.

एक दात मागे ओढायचा तर जोर कशाच्या तरी आधाराने लावावा लागतो, आणि तो आधारही पुढे सरकू पाहतो. हे टाळण्यासाठी हल्ली हाडात बारीक स्क्रू बसवतात. त्याच्याभोवती तंतूंचा थर नसल्याने तो दातासारखा सरकत जात नाही.

पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर बसणारं काढता-घालता येणारं प्लास्टिकचं आवरण, यामागचं तत्त्व तेच आहे. प्रत्येक संच दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो आणि दिवसाचे २० ते २२ तास घालावा लागतो. हलकी गर्दी आणि फटी यांत तो छान काम करतो. गोलसर सुळा किंवा उपदाढ जागच्या जागी फिरवणं, दात हिरडीतून खाली ओढणं ही कामं त्याला अवघड जातात, म्हणून दातांवर छोटे उंचवटे चिकटवावे लागतात. डॉक्टरने न तपासता घरपोच येणारे अलायनर मी कुणालाही सुचवणार नाही. हिरडीचा आजार किंवा हाडात अडकलेला दात नुसत्या फोटोवरून कळत नाही, आणि सुजलेल्या हिरड्यांमध्ये दात सरकवले तर हाड कायमचं जाऊ शकतं.

दात काढावेत का?

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. अँगल यांचा दात काढण्याला ठाम विरोध होता. सगळे दात योग्य जागी आणले की चेहराही सुंदर होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी गुरूच्या पद्धतीने अनेक रुग्ण बरे केले, पण पुष्कळांचे दात परत बिघडले किंवा ओठ पुढे आले. ट्वीड यांनी त्यांपैकी अनेकांवर चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि १९४० मध्ये शंभर रुग्णांचे आधीचे-नंतरचे निकाल सहकाऱ्यांसमोर मांडले. नंतरची काही दशकं दात काढण्याचं प्रमाण वाढलं, मग पुन्हा कमी झालं. आज निर्णय गर्दी किती आहे, दात किती पुढे झुकले आहेत, ओठ आणि चेहरा कसा आहे यावर घेतला जातो. "एकही दात काढणार नाही" हे आधीच दिलेलं आश्वासन मला "सगळ्यांचे काढतोच" याइतकंच चुकीचं वाटतं.

कधी जायचं

अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करून घ्यायला सांगते. तपासणी म्हणजे ब्रेसेस नव्हेत. बहुतेक मुलांना त्या वयात काहीच करावं लागत नाही. क्रॉसबाइट, उलटा चावा (समोरचे खालचे दात वरच्यांच्या पुढे), न सुटलेली अंगठ्याची सवय एवढ्यांसाठी लवकर हात घालावा लागतो. वरची कमान रुंद करायची तर टाळूच्या मधला सांधा पक्का होण्याआधी ते सोपं जातं. तारुण्यात स्क्रूचा किंवा शस्त्रक्रियेचा आधार लागू शकतो. मागे राहिलेल्या खालच्या जबड्यासाठीची साधनं वयात येतानाच्या वाढीचा फायदा घेतात, आणि ती वाढ मुलींमध्ये मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी होते. आठव्या-नवव्या वर्षी हा उपचार सुरू केला काय किंवा वयात येताना केला काय, शेवटचा चावा सारखाच मिळतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. लवकर केल्याने पुढचे दात आपटून तुटण्याचं प्रमाण मात्र कमी होतं. दात सरकवण्याला स्वतः वयाची अट नाही. हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर पन्नाशीतही ते सरकतात. जबड्याची वाढ वळवणं तेवढं मोठेपणी शक्य नसतं.

तारा निघाल्यावर

ब्रेसेस काढल्या त्या दिवशी दात सरळ असतात, पण स्थिर नसतात. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागी बसायला काही महिने लागतात, हिरडीतले लवचीक तंतू तर वर्षभर दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. फिरलेल्या दातांना ही ओढ सर्वाधिक. त्यासाठी रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन. शिवाय वयानुसार खालच्या पुढच्या दातांची गर्दी सगळ्यांमध्येच थोडी वाढते, ज्यांनी कधी उपचार घेतले नाहीत त्यांच्यातही. याचं खापर अक्कलदाढेवर फोडलं जातं, पण अक्कलदाढा नसलेल्या लोकांतही ही गर्दी होते, आणि केवळ ती टाळायची म्हणून अक्कलदाढा काढण्याला पुराव्याचा आधार नाही.

म्हणून बहुतेक डॉक्टर आता सुरुवातीला जवळपास दिवसभर आणि पुढे रोज रात्री, जोवर दात सरळ हवेत तोवर रिटेनर घालायला सांगतात, किंवा दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवतात. तार असेल तर तिच्याखाली रोज सफाई हवी आणि एखाद्या दातावरून ती सुटलेली नाही ना हे अधूनमधून पाहायला हवं. काढता येणारा रिटेनर काही दिवस राहून गेला आणि आता घट्ट लागतोय पण पूर्ण बसतोय, तर लगेच नेमाने घालायला सुरुवात करा. तो पूर्ण बसतच नसेल तर दाबून बसवू नका. तसाच घेऊन डॉक्टरकडे जा.